कोंबड्यांची साडेसाती

तिरुप्पूरचे बनियनवाले, आमच्या पावायीचे थोरले बंधू सेंगोट्टुवेलू यांना नामक्कलहून अंडेवाल्या अर्धनारीचा नमस्कार. तुमची साखर आता ताब्यात असेल. वहिनींचे गुडघे कसे आहेत? मुलं अभ्यास करतात ना? (तुमच्यावर गेली असतील तर उत्तर देऊ नका.) आम्ही सगळे खुशाल आहोत, कोंबड्या सोडून.

पोंगलला आठ दिवसांसाठी आलेले मामा, म्हणजे तुमचे वडील आणि माझे सासरे, उन्हाळा तापला तरी इथंच आहेत. त्याबद्दल माझी तक्रार नाही (पावायी आत्ता खांद्यावरून डोकावतेय). पण मेव्हणेराव, ज्या माणसानं जन्मभर बसस्टँडवर गाड्यांच्या वेळा सांभाळल्या, त्याला तुम्ही रिकामं बसवून ठेवू शकत नाही. एका मंगळवारी मी तीन वाजता खाद्य टाकत होतो, तर मामा दारातून ओरडले, "जावई, राहुकाळ लागलाय! वैऱ्याला तरी वाढाल का असं?" राहुकाळ तर रोज जागा बदलतो. त्यामुळे मामांनी वाराप्रमाणे खाद्याचं नवं वेळापत्रक लावलं, शेडमधल्या दिव्यांचंही. आता कोंबडीला वार कळत नाही. तिला कळते ती भूक. संध्याकाळी पोटात खाद्यातला शिंपल्यांचा चुरा गेला तर रात्रीत त्याचं कवच होतं, नाही गेला तर नुसत्या पापुद्र्यातलं अंडं येतं. तसंच येऊ लागलं. उचलायला जावं तर बोट आत जायचं.

यावर मामांचं निदान असं की अंडी राहुकाळात घातली जात आहेत. शुक्रवारी तो साडेदहाला लागतो, आणि नेमक्या त्याच वेळी कोंबड्या भरात असतात. मामांनी ट्रंकेतून जुनी शिट्टी काढली आणि साडेदहाला शेडमध्ये उभं राहून फुंकली: अंडी बंद! बाराला पुन्हा फुंकली: चला, सुटा! हजारो कोंबड्या एकदम पिंजऱ्यावर आदळल्या. त्यानंतर जी अंडी आली त्यांतली काही वाकडी होती, काहींवर सुरकुत्या होत्या, आणि बहुतेक आलीच नाहीत. गुरांच्या डॉक्टरांनी येऊन सांगितलं की खाणं, पाणी, उजेड ठरल्या वेळी द्या आणि त्यांना घाबरवू नका. मामा म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही कोंबड्या शिकलात, मी वेळ शिकलोय." डॉक्टर चहा न घेता गेले.

इकडे केरळला अंडी नेणारा लॉरीवाला चिडला. "अण्णा, तिकडच्या लोकांना ऑम्लेट आवडतं हे खरं, पण ते घरी जाऊन करतात. रस्त्यात झालेलं कोण घेणार?" पुढच्या खेपेला माल असाच निघाला तर तो दुसऱ्याच्या शेडला लागणार, आणि माझ्या शेडला कुलूप. मामांना तोंडावर बोलायची सोय नाही, कारण पावायी लगेच डोळ्यांना पदर लावते. म्हणून मी तिरुचेंगोडच्या ज्योतिष्याला गुपचूप भेटलो आणि विनवलं की कोंबडीला राहू लागत नाही, एवढंच मामांना सांगा. त्या भल्या माणसानं मामांसमोर विचारलं, "कोंबड्यांचं जन्मनक्षत्र?" मामांनी पिल्लं विकणाऱ्याकडून जन्मवेळ आधीच आणून ठेवली होती! सगळ्या एकाच दिवशी, एकाच यंत्रातून निघालेल्या, त्यामुळे साडेसातीही सरसकट निघाली. उपाय म्हणून तिरुनळ्ळारला शनीचं दर्शन. सगळ्यांना नेणं अवघड, म्हणून परवा मामा सगळ्यांच्या वतीनं एक कोंबडी टोपलीत घालून बसनं रवाना झाले. कंडक्टरशी ते तिच्या अर्ध्या तिकिटावरून भांडत होते.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
अर्धनारी

ता. क. – खरं काम हे. मामा परतताना करूरला बस बदलतील. तुम्ही तिथं उभे राहा आणि त्यांना परस्पर तिरुप्पूरला न्या. नातवंडं आठवण काढतात म्हणा. कोंबडी तुम्हीच ठेवा.

ता. क. २ – पत्र पेटीत टाकायचं राहिलं, तेवढ्यात आणखी काही घडलं. मामा गेल्यापासून मी रोज तीनला खाद्य टाकतोय, शेडमध्ये ब्र काढत नाही. आज अंडी भरभरून आली, टणक. लॉरीवाला हसत गेला. मी आनंदानं नाचलो.

ता. क. ३ – पावायीनं ही बातमी फोनवर वडिलांना कळवली. "बघितलंस, पोरी? शनी हटला!" असं ओरडून मामा रडले म्हणे. आता जावयाचा धंदा रुळावर आणल्याशिवाय इथून हलणार नाहीत, आणि शेजारच्या शेडवाल्यांनीही आपापल्या कोंबड्यांच्या पत्रिका धाडल्यात. तेव्हा करूरला जाऊ नका. मामांना नेणं आता तुमच्या हातात नाही; जमलं तर माझ्या कोंबड्या न्या.