सिनेमात तू बूट जाळतेस

माय, काल दुपारी वसमतच्या एका मंगल कार्यालयात सिनेमा दाखवला, आणि त्यात तू होतीस. म्हणजे तुझं काम करणारी एक बाई होती. तिला हळद निवडता येत नव्हती. हळकुंड दोन बोटांनी उचलायची, दवाखान्यातली गोळी उचलावी तसं. पण लुगड्याचा काष्टा बराबर होता आणि चिडल्यावर मान तुझ्यासारखीच एका बाजूला करायची. मी ड्युटी बदलून घेतली होती. तू गेल्यावर वर्षभरानं मी एसटीत कंडक्टर म्हणून लागले, त्यालाही आता चौदा वर्षं होत आली. गुडघे धरतात. काल अंधारात बसायला मिळालं, खुर्ची हलत नव्हती, एवढ्यानंच बरं वाटत होतं. मग पडद्यावर मोंढा आला, आपला हळदीचा बाजार, पोत्यांच्या थप्प्या आल्या, आणि थप्प्यांच्या आडून तू आलीस.

सिनेमा करणारं पोरगं आपल्या मोंढ्यातल्याच एका हमालाचं. पुण्याला शिकून आलं. दोन वर्षांमागं ते मला बसस्टँडवर भेटलं, फोन रेकॉर्डिंगला लावला आणि म्हणालं, काकू, तुमी नाचत होत्या त्या दिवसांचं सांगा. मला नवल वाटलं. त्या नाचाबद्दल कोणी विचारलं नव्हतं. माझ्या नवऱ्यानं नाही, लेकरांनी नाही. मी कँटीनमध्ये दोन तास बोलत बसले, चहा तसाच गार झाला.

मी त्याला सगळं सांगितलं. आम्ही चौघं होतो. एक पंक्चरच्या दुकानात, एक मोंढ्यात हमाली करायचा (त्या पोराचा बाप नव्हे, दुसरा), एक शिंप्याचा, आणि मी, तुझ्यासोबत हळद निवडायला येणारी. सकाळचा लिलाव संपला की सिमेंटचा ओटा रिकामा व्हायचा. त्यावर खोक्याचे पुठ्ठे अंथरायचे, टेप लावायचा आणि ब्रेकडान्स. हमाली करणारा डोक्यावर गरगर फिरायचा. रोज पाठीवर पोती वाहणारा गडी नाचताना इतका हलका कसा व्हायचा, मला अजून कळलं नाही. पोरांनी केसांत सोनेरी पट्टे काढले होते. घट्ट पँटी शिंप्याच्या पोरानंच शिवलेल्या. लोक आम्हाला डिस्को पोट्टे म्हणायचे. मुनीम हसायचे, चहावाला नावं ठेवायचा. आम्हाला त्याचं काही नव्हतं. दिवसभर अंगावर पिवळी धूळ, कोणी नावानं हाक मारायचं नाही, पण त्या पुठ्ठ्यावर आम्ही कोणीतरी होतो. त्यातच एक दिवस मी वेणी कापली. कानापर्यंत.

तू मला तशी पाहिलीस ती ओट्यावरच. हातातली चाळणी खाली टाकलीस, पोत्यांमधून सरळ चालत आलीस आणि पन्नास माणसांसमोर माझ्या तोंडात मारलीस. टेप चालूच होता. तू म्हणालीस, "तुझा बाप गेल्यापासून या मोंढ्यात मी मान खाली घालून काम करून राहिले. कोणी नावं ठेवू नये म्हणून. अन तू त्यांनाच नाच दाखवतीस?" मग माझे पांढरे बूट पायातून ओढून काढलेस आणि मला अनवाणी घरी नेलंस.

इथपर्यंत सांगून मी थांबले. त्या पोरानं विचारलं, मग? मी म्हणाले, मग काय, नंतर लग्न झालं. ते मान हलवून गेलं. उरलेलं त्यानं स्वतःच लिहिलं. सिनेमात तू ते बूट हळद शिजवायच्या कढईखालच्या जाळात टाकतेस. बूट पेटतात, रबर वितळतं, पोरगी बघत राहते. माझ्या शेजारी कॉलेजातल्या दोन पोरी बसल्या होत्या. त्यातली एक डोळे पुसत म्हणाली, "कशी बाई असंल ही." तिकडं पलीकडच्या रांगेत आपला हमाली करणारा बसला होता. आता त्याची पाठ गेली आहे, काठी घेऊन चालतो. त्याला खरं माहीत आहे. तो माझ्याकडं पाहत होता आणि मी पडद्याकडं.

सिनेमा संपल्यावर त्या पोरानं मला पुढं बोलावलं. माईक दिला. लोकांना म्हणालं, ह्याच त्या. मग मला विचारलं, "काकू, असंच झालं होतं ना?" मी म्हणाले, "व्हय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माय, माझ्यासाठी एवढ्या टाळ्या आयुष्यात कधी वाजल्या नव्हत्या, आणि त्या तुझ्यावर खोटा आळ घालून मिळाल्या.

तू बूट जाळले नाहीस. पेटीत ठेवलेस, कुलूप लावलंस. आठ दिवस माझ्याशी बोलली नाहीस. भाकरी थापायचीस, माझ्यापुढं सरकवायचीस आणि पाठ करून बसायचीस. मीही हट्टानं बोलले नाही. नवव्या दिवशी चुलीपुढं बसलेली असताना तू मागं न पाहताच विचारलंस, "ते डोक्यावर फिरतंय पोरगं, त्याची मान मोडत न्हाई का?" मी म्हणाले, शिकावं लागतं. तू म्हणालीस, "तुला येतं का तसं?" मी म्हणाले, न्हाई, पण दुसरं येतं. "दाखीव." मी चुलीजवळच्या एवढ्याशा जागेत हात लाटेसारखे करून दाखवले, या बोटापासून त्या बोटापर्यंत. तू भाकरी करपू दिलीस. हसली नाहीस, उठून पेटी उघडलीस.

हिंगोलीला स्पर्धा होती, हे तुला शिंप्याच्या पोराकडून कळलं होतं. चौघांना पांढऱ्या पँटी लागणार होत्या. आपल्या घरात पांढरं असं काही नव्हतंच. जे यायचं ते आठ दिवसांत पिवळं व्हायचं. माझ्या पँटीलाही डाग पडले होते. मी साबण घेऊन घासायला बसले तर ते लाल झाले आणि मी रडायला लागले. तू पँट हातातून घेतलीस. "साबणानं जात न्हाई ते. उन्हानं जाते." तीन दिवस तू ती पँट पत्र्यावर वाळत घातलीस. दुपारी मोंढ्यातून घरी यायचीस, पाण्यात पिळायचीस, उलटी करायचीस, परत वर टाकायचीस आणि कामावर जायचीस. तिसऱ्या दिवशी ती दवाखान्यातल्या चादरीसारखी पांढरी झाली होती.

हे मी त्या पोराला सांगितलं नाही. का, ते सांगते. हे सांगितलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं.

आम्ही चौघं सकाळच्या गाडीनं हिंगोलीला गेलो. तू येणार असल्याचं बोलली नव्हतीस. मैदानावर मांडव होता, कॉलेजातली पोरंपोरी होती. एका पोरीनं मला तिची लिपस्टिक लावायला दिली, माझे केस छान आहेत म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला त्यांच्यातली समजून बोलत होतं. तेवढ्यात मांडवाच्या खांबाशी तू दिसलीस. खाडा करून आली होतीस. लुगडं तेच, कामावरचं. नखं पिवळी, कपाळावर धूळ. तू हात वर केलास. त्या पोरीनं विचारलं, ती बाई तुला हात करून राहिली का? कोण आहे? मी म्हणाले, "आमच्या गल्लीतली आहे."

तू चार पावलांवर होतीस. तुझा हात हळूच खाली आला. मग तो तू पदरात घेतलास, जसा थंडीत घेतात. आम्ही नाचलो. मधेच कॅसेट अडकली, तरी आम्ही थांबलो नाही. नंबर आला नाही. परतीच्या गाडीत तू पुढं बसलीस, आम्ही मागं. कंडक्टरला तू म्हणालीस, एक वसमत. एकच. औंढ्याला दर्शनाचे लोक उतरले आणि तुझ्याशेजारची जागा रिकामी झाली. मी ती जागा पाहत राहिले. वसमत येईपर्यंत कोणी तिथं बसलं नाही, मीही नाही.

त्यानंतर त्याबद्दल तू मला कधी काही बोलली नाहीस. लग्नात नाही, बाळंतपणात नाही, शेवटी दवाखान्यात मी तुझे पाय चेपत होते तेव्हाही नाही. तू विसरलीस असं मी बरीच वर्षं धरून चालले. तुझ्यासारखी बाई विसरत नसते, हे मला आता माझी लेक मोठी झाल्यावर कळून राहिलं.

ही पानं मी कुठं टाकणार? पत्ता नाही. लेकीला वाचायला देणं माझ्यानं व्हायचं नाही.

आज सकाळी मी त्या पोराला फोन केला. म्हणाले, बूट जाळले न्हाईत रे तिनं, ते काढून टाक. स्पर्धेसाठीच्या पँटीचं सांगितलं, पत्र्याचं, उन्हाचं, सगळं. ते लिहून घेत होतं. मग म्हणालं, काकू, हे घालू आपण, पुढं नांदेडला दाखवायच्या आधी घालू. आणि विचारलं, "मग स्पर्धा पाहायला त्या आल्या होत्या का?"

मी म्हणाले, न्हाई, तिला सुट्टी भेटली न्हाई.