पिवळी वायर उपटू नका

अहो,

तुम्हाला उठवलं नाही. हॉस्पिटलात तासातासाला उठवून "झोप लागली का?" विचारत होते, तेवढं पुरे झालं. रिपोर्ट चांगला आला म्हणूनच ऑफिसला जातेय. सहापर्यंत येते.

हॉलमध्ये गेल्यावर दचकू नका. तुमची व्हिडिओ गेमची तिन्ही जुनी खोकी माळ्यावरून काढून त्या डबड्या टीव्हीला मीच जोडलीत. हो, ज्याला इतकी वर्षं भंगारवाल्याची भीती घातली, त्यालाच. डॉक्टर म्हणाले, महिनाभर जड उचलायचं नाही, स्वस्थ बसायचं. तुम्हाला स्वस्थ बसवणारं दुसरं काही मला लग्नापासून सापडलेलं नाही.

टीव्हीला मागे एकाच गेमपुरती जागा आहे, म्हणून मध्ये तीन बटणांची डबी लावलीय. एका वेळी एकच बटण दाबा. मी दोन दाबली, तर मोटारींच्या शर्यतीत मधूनच एक माकड उड्या मारत गेलं. पिवळी वायर चित्राची. काल मी ती चुकीच्या भोकात घातली आणि बराच वेळ काळ्या पडद्यासमोर बसून राहिले. हॉस्पिटलातल्या तुमच्या मॉनिटरमुळे पडद्याकडे टक लावून बसायची आता सवयच झालीय म्हणा. मग टुंग असा आवाज झाला, चित्र आलं, आणि आठवड्यात दुसऱ्यांदा माझा जीव भांड्यात पडला.

जेवणानंतरची गोळी चुकवू नका. दुसरी जॉयस्टिक गुंडाळून ठेवू नका, संध्याकाळी मी खेळणार आहे. हरले तर खुशाल हसा. हसायला बंदी नाही, डॉक्टरांना विचारून घेतलंय.