बारा वाजेपर्यंतचं मौन

७ नोव्हें., गुरु.
निवृत्त होऊन पाच महिने झाले, तरी डोळा उघडला की आधी उपकेंद्रच आठवतं. लसीचा डबा, रजिस्टर. दिघाशीत आणि पाड्यांवर चौतीस वर्षं नर्सबाई म्हणून फिरले. आता कुठे जायचं नाही हे पायांना पटत नाही.
दत्तमंदिरात जपाला गेले. आम्ही सात-आठ बायका. जप चालवणाऱ्या मालतीताई म्हणाल्या, हात रिकामे झाले, आता मनही रिकामं करा. नेम दिला. उद्यापासून चाळीस दिवस, उठल्यापासून दुपारी बारापर्यंत मौन. मोडायचं नाही.
शेजारच्या भीमाबाईला हसू आवरेना. "सिस्टर आन् गप? व्हईल का?"

१० नोव्हें., रवि.
मौन जमतंय. हे गेल्यापासून घरात तसंही बोलायला कोण आहे.
दुपारी भीमाबाईची सून रेश्मा कपडे वाळत घालत होती. आठवा सरत आलाय. पायांकडे नजर गेली. बोटाने दाबलं तर खड्डा पडला, लवकर भरेना. चेहराही फुगलेला.
भीमाबाईला म्हटलं, उद्याच बीपी बघून घ्या, लघवी तपासून घ्या.
"पयलटकरीन हाय, पाय सुजनारच. माजे काय कमी सुजले व्हते? तुमची ड्युटी सपली ना सिस्टर? आता देवाचं करा."
राग आला. मग वाटलं, खरंच तर आहे. माझ्या जागी नवी सिस्टर अजून आलेली नाही, पण तो आता माझा प्रश्न नाही. अलिप्त व्हायला शिकायचं, ते हेच.

१३ नोव्हें., बुध.
सकाळी नऊला रेश्मा आली. एकटीच. भीमाबाई शेतावर, रेश्माचा नवरा टेम्पोवर ड्युटीला.
"मावशी, डोकं लय ठनकतंय. डोल्यांपुढं चांदन्या येतात."
मी ओठांवर बोट ठेवलं. पोर ओशाळली. "हां, तुमचं मौन. नुसती बसू का?"
बसली. कपाळाला बाम चोळून दिला. अर्ध्या तासाने "बरं वाटलं" म्हणून भिंतीला धरत गेली. मी माळ घेऊन बसले. किती माळा झाल्या, आठवत नाही. नजर घड्याळावर.
बाराला धावत गेले. कुलूप. समोरची म्हणाली, रेश्माला उलट्या झाल्या. सासू शेतावरून आली आणि तिला रिक्षात घालून कोन गावाला घेऊन गेली. तिथे कोणी बाई दृष्ट काढते म्हणे.
भीमाबाईला फोन लावला. पाच वेळा. उचलत नाही.

१४ नोव्हें., गुरु.
कोनला पोचायच्या आत रिक्षातच झटके आले. भिवंडीच्या दवाखान्यात नेलं, तिथून ठाण्याला पाठवलं. मुलगी झाली, ऑपरेशन करून. काचेच्या पेटीत ठेवलीय. रेश्मा शुद्धीवर नाही.
माझं बीपीचं यंत्र कपाटात आहे. स्वतःचं, चालू. पट्टा बांधायला तोंड लागत नाही. चिठ्ठी लिहायला लागत नाही. रिक्षाला हात करायलासुद्धा नाही.
मौनामुळे राहिलं असं लिहिणार होते. खोटं आहे. पट्टा बांधला असता तर काय दिसणार ते मला ठाऊक होतं. मग पुन्हा धावपळ, सह्या, लोकांची बोलणी, सगळं परत. ते नको होतं मला. बाम चोळत बसले.

१६ नोव्हें., शनि.
आज जपाला गेले नाही. दुपारी मालतीताई घरी आल्या. त्यांना सांगितलं. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "व्हायचं ते टळत नाही. तुमचा नेम मोडला नाही, ही त्याचीच कृपा. आता तिच्यासाठी म्हणून पुरा करा. मध्येच सोडलात आणि काही झालं, तर?"
हा शेवटचा शब्द डोक्यातून जात नाही. एवढी वर्षं देवाला घाबरले नव्हते.

१७ नोव्हें., रवि.
सकाळी दहाच्या सुमारास भीमाबाई दारात. ठाण्याहून कपडे न्यायला आलेली. चार दिवसांत म्हातारी झाली.
"सिस्टर, समोरची सांगते, पोर त्या दिवशी तुमच्या ओटीवर बसली व्हती. काय बोलली तुमच्याजवल?"
मी गप्प. 'आणि काही झालं, तर?'
"मौन हाय ना? ठीक हाय. मान हालवा नुसती. तिला तरास व्हता? तुमाला सांगितलं व्हतं तिनं?"
मी बोलले. डोकं, चांदण्या, सगळं. मला कळलं होतं, हेही. कपाटातून यंत्र काढून तिच्यापुढे ठेवलं.
भीमाबाई यंत्राकडे बघत राहिली. रडली नाही, शिवीही दिली नाही. "मीबी त कोनलाच नेली तिला," एवढंच म्हणाली आणि कपड्यांची पिशवी न घेताच निघाली.
तीन वाजलेत. ठाण्याहून मला कुणाचा फोन नाही. भीमाबाईच्या अंगणात बायका डोक्यावर पदर घेऊन जमायला लागल्यात. पिशवी नेऊन द्यायची म्हणून दोनदा उठले. दारापर्यंत गेले. कुणी मान वर करून इकडे बघत नाही.