हनुवटीचे दोन टाके आणि एकतीस पोरं

तीर्थरूप सदाशिवराव भाऊजी यांस,

गोपालचा नमस्कार. तुमचा गुडघा आता बरा असेल, ताईचा खोकलाही थांबला असेल असं धरून चालतो. कारण दुसऱ्याची चौकशी करण्याइतकं माझं डोकं आज ठिकाणावर नाही.

सोमवारी खो-खो खेळताना चौथीतली वर्षा खांबावर आदळली आणि तिची हनुवटी फुटली. शाळेच्या प्रथमोपचार पेटीत कात्री होती, सूचनापत्रक होतं आणि मागच्या गुरुजींचा अडकित्ता होता. चारी बाजूंनी कपाशीची शेतं पांढरीफटक, आणि पेटीत बोटभर कापूस नाही! शेवटी माझा रुमाल दाबला, पोरं खिचडीवाल्या बिजलीबाईंच्या हवाली केली (दुसरे गुरुजी प्रशिक्षणाला, ते कायमच प्रशिक्षणाला असतात) आणि मोटारसायकलवरून बोरी अरबचा दवाखाना गाठला.

निघण्याआधी नियमाप्रमाणे तिच्या घरी फोन केला. आता ऐका. आमच्या रजिस्टरात तांड्यातल्या एकतीसच्या एकतीस पोरांपुढं एकच नंबर आहे, अमरसिंग नाईकांचा. का, तर त्यांच्या गच्चीवर हमखास रेंज येते. मी नाव, जखम, दवाखाना, सगळं नीट सांगितलं. या गृहस्थांनी फोन ठेवला आणि देवळाच्या भोंग्यावरून पुकारलं, "शाळेत पोरगी पडली, रगत निघालं, गुरुजी गाडीवर घेऊन गेले!" कोणाची पोरगी, ते राहिलंच. (जेवणाचं आमंत्रण मात्र हाच माणूस घराघराचं नाव घेऊन पुकारतो!)

कापूस वेचणाऱ्या बाया ओटीतल्या कापसासकट शाळेत धावल्या. जिला तिचं लेकरू दिसलं तिनं त्याला आधी दोन धपाटे घातले, मग घरी नेलं. टाके घालून वर्षाला घेऊन मी परतलो तर शाळा रिकामी, खिचडी गार, आणि पायरीवर एकटी रुपीबाई, वर्षाची आई. दोन तासांपासून. किती लागलं, कोणत्या दवाखान्यात नेलं, कोणी सांगेना. "सगळ्याइले आपापलं लेकरू सापडलं, गुरुजी. मलेच नाही सापडलं," एवढं बोलली आणि उद्यापासून पाठवत नाही म्हणून पोरीला घेऊन गेली.

भाऊजी, असा राग आला! अमरसिंगांचा आला, भोंग्याचा आला, त्या पेटीचा आला. केंद्रप्रमुखांना फोन केला तर त्यांनी फोटोसह तीन प्रतींत अहवाल मागितला. पहिलीच्या पोरांना माझी मराठी बंजाऱ्यांच्या गोरबोलीत समजावून सांगणारी ती पोरगी तीन दिवस आली नाही, आणि वर्गात माझं बोलणं कोणाला कळेना. सगळ्यात जास्त राग माझाच आला. चार वर्षं तो एकच नंबर पाहतोय आणि कधी काही वाटलं नाही.

आपला,
गोपाल

ता.क. काल रजिस्टर घेऊन तांड्यात घरोघर हिंडून ज्याचा त्याचा नंबर लिहून घेतला. चार घरांत फोनच नाही (त्यात रुपीबाईचं एक), तिथं मी स्वतः जात जाईन म्हणून सांगून आलो. आज वर्षा आली. सोबत रुपीबाईही आली आणि शाळा सुटेपर्यंत पायरीवर बसून राहिली.

दुसरा ता.क. ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते राहिलंच. मागच्या महिन्यात तुमच्या शाळेत आमच्या निकिताचं कोपर खरचटलं आणि घरी कोणी कळवलं नाही, म्हणून मी गेटवर आरडाओरड केली आणि तिच्या वर्गाच्या अर्पिता बाईंविरुद्ध लेखी तक्रार तुमच्या टेबलावर ठेवून आलो. तीत 'पालकाला एक फोन करायला असं काय लागतं?' असं लिहिलंय. तो कागद फाडा. बाईंना दाखवून झाला असेल तर तसं कळवा. रविवारी येऊन त्यांच्या पायरीवर बसतो.