आमेन म्हणजे मंजूर

२ फेब्रुवारी, रविवार

आणि शाल कुणाला? भिमाबाईला! चाकण, मोशी, कुरुळी, तिन्हीकडच्या चर्चच्या मंडळ्यांच्या बायका दारोदार हिंडून गोळा कुणी केल्या? मी. शिवणवर्ग, आजाऱ्यांचे डबे, पाळणाघर, सगळ्या सेवासंघाची अध्यक्ष कोण? मी, कस्तुरा पाटोळे, चौथी पास, कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटून वर आलेली. आणि कुरुळीच्या पाळणाघराचा वाढदिवस, तर खोलीमालक सोपानराव माईकवर म्हणतो काय, आता आपल्या भिमामावशींचा सत्कार. ती तिथं पोरं सांभाळते, पगार घेते. मी पहिल्या रांगेत. पदर सारखा करून अर्धी उठलेसुद्धा होते. परत बसले. लोकांना वाटलं असेल, साडी नीट करतेय.

टाळ्या सगळ्यांत मोठ्याने मीच वाजवल्या. मला काय फरक पडतो?

जेवायला थांबले नाही. ॲसिडिटी होती.

ही वही आमच्या पाळकसाहेबांनी दिली. उद्धवराव माणूस गोड, पण स्पष्ट बोलणार नाही. म्हणाले, बाई, राग आला की आधी इथे लिहीत जा, मग बोला. मला राग येतच नाही. पण दिलीच आहे तर लिहिते.

४ फेब्रुवारी, मंगळवार

शालीचा विचार पूर्ण बंद.

आज वेगळाच विचार आला, संस्थेच्या भल्याचा. कुरुळीचं पाळणाघर चाकणला चर्चच्या हॉलमध्ये आणलं तर? हॉल आठवडाभर रिकामा. माझी देखरेख राहील. सोपानरावाची मिजास उतरेल. भिमाबाईचंही वय झालं. (माझ्याहून लहान आहे. पण दिसते का?)

शालीचा काही संबंध नाही. हे लिहून ठेवते.

सेक्रेटरीला, म्हणजे स्वरूपाला, फोन केला. ताथवड्याला राहते, एमएसडब्ल्यू झालेली, तोंडात सारखं गव्हर्नन्स आणि कोरम. म्हणाली, ताई, त्या सगळ्या आया सेकंड शिफ्टच्या. दुपारी पोरं ठेवतात, रात्री कंपनीची बस कुरुळी फाट्यावर सोडते तेव्हा झोपलेली पोरं उचलून नेतात. चाकणला कशा येतील? म्हटलं, गाडी लावू. म्हणाली, कुठली गाडी? म्हटलं, लागली की दिसेल. म्हणाली, कमिटीत मतदान घेऊ. म्हटलं, घेऊ की. मी काय हुकूमशहा आहे?

९ फेब्रुवारी, रविवार

मंजूर!

उपासना झाल्यावर कमिटी बसली. स्वरूपा फाइल उघडून हात वर करा म्हणण्याच्या बेतात. मी म्हटलं, आधी प्रार्थना. प्रार्थनेला कोण आडवं जाणार? सगळ्यांनी डोळे मिटले. म्हटलं, प्रभू, कुरुळीचं पाळणाघर चाकणला आणायला तू आम्हा सर्वांना एक मन दिलंस म्हणून तुझे उपकार मानतो. सगळे म्हणाले, आमेन. पाळकसाहेबसुद्धा. लगेच चहा आला.

स्वरूपाने जिन्यात गाठलं. ताई, हे मतदान नव्हतं. म्हटलं, आमेन म्हणजे काय गं? म्हणाली, तसं होवो. म्हटलं, मग? होऊ दे की तसं. ती म्हणाली, डोळे मिटलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, ताई. हल्लीच्या पोरी फार शिकतात.

शिवणवर्ग असाच मंजूर झाला. डबेही. माझी अध्यक्षपदाची दुसरी टर्म अशीच झाली, तिसरीही. आजवर कुणी तक्रार केली?

संकल्प: उद्या सकाळी पहिलं काम, गाडी.

१२ फेब्रुवारी, बुधवार

गाडीचं झालं नाही. मोशीच्या टेम्पोवाल्याचा फोन एंगेज. माणसाने किती करायचं?

कुरुळीला जाऊन आयांना सांगितलं. त्यात एक प्राजक्ता. औशाकडची, इथे एकटीच राहते, ठेकेदाराकडून गाड्यांचे पार्ट बनवायच्या कंपनीत लाइनवर. पोरगी मैत्री, चारेक वर्षांची. म्हणाली, ताई, हे ठरवलं कुणी? म्हटलं, प्रभूने. म्हणाली, मग त्याला आमची शिफ्ट ठाऊक न्हाई का?

भिमाबाई हसली. तोंडावर पदर धरून, पण हसली.

तिला म्हटलं, तू चल चाकणला, नोकरी कुठे जात नाही तुझी. म्हणाली, पोरं इथं राहणार, मग मी तिथं काय भिंतीला अंगाई म्हणू?

उद्धट. शालीने डोकं फिरलं तिचं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

हलवलं. पाळणे, सतरंज्या, घसरगुंडी, सगळं एका खेपेत. (टेम्पो सामानाला लगेच मिळाला.) हॉल छान दिसतो. नवा बोर्डही लावला. अध्यक्षांचं नाव जरा मोठं आलंय, पेंटरची चूक.

सोपानराव किल्ली घेताना म्हणाला, ऱ्हाऊ द्या बाई, गिऱ्हाईक हाय आमच्याकडं. कुरिअरवाला कवाधरनं मागं लागलाय.

आज पोरं आली: पाळकसाहेबांची नात. पहिलाच दिवस आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

नात आली नाही. सर्दी. दिवसभर मी आणि घसरगुंडी.

चर्चचं गेट वॉचमन आठलाच बंद करतो हे आज लक्षात आलं. सेकंड शिफ्ट त्याच्या कितीतरी नंतर सुटते. वॉचमनशी बोलायला पाहिजे. उद्या.

आयांनी काहीतरी सोय केली असणार. बायका हुशार असतात. मी नव्हती का माझी पोरं कँटीनच्या पोत्यांवर वाढवली? (तेव्हाच म्हटलं होतं, पुढेमागे एक पाळणाघर काढीन.)

झोप नीट लागत नाही. चहा कमी करायचा.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज लिहायचं नव्हतं.

प्राजक्ता मैत्रीला शेजारणीकडे ठेवून कामाला गेली. शेजारीण दळण आणायला गेली. पोर एकटीच निघाली, पायी, पाळणाघराच्या जुन्या खोलीकडे. कंटेनर जातात त्या रस्त्याने. दिवेलागणीला सोपानराव गोठ्यातून येत होता, त्याला ती खोलीच्या पायरीवर बसलेली दिसली. चपला काढून, कडेला ओळीत लावून. चपला ओळीत लावायच्या असा तिथे नियम आहे. मीच केलेला.

सोपानरावाने विचारलं, काय करतीस गं हितं? म्हणाली, मावशी दार उघडत नाही.

पोर सुखरूप आहे. तेच महत्त्वाचं. माझी यात चूक म्हणाल तर काही नाही. शेजारणीला दळण आजच आणायचं होतं का?

२२ फेब्रुवारी, शनिवार

भिमाबाईचा फोन. काल निरोप कळताच प्राजक्ता लाइन सोडून धावत सुटली. कुणाला न विचारता. ठेकेदाराने आज सांगितलं, आता घरीच बस.

मी म्हटलं, ठेकेदार मेला नालायक. भिमाबाई म्हणाली, व्हय, ठेकेदारच नालायक. आणि फोन ठेवला. एवढ्या वर्षांत माझा फोन तिने कधी माझ्या आधी ठेवला नव्हता.

दुपारी हॉलमधली घसरगुंडी पुसली. धूळ नव्हती.

२३ फेब्रुवारी, रविवार

स्वरूपाने खास सभा बोलावली. ठराव: पाळणाघर परत कुरुळीला न्यावं. मी पूर्ण तयारीने गेले. म्हटलं, आधी प्रार्थना. लांब धरली. प्रभू, काही जणांना घाई झालीय त्यांना शांती दे. प्रभू, मोठ्यांचा मान ठेवायची बुद्धी दे. एरवी मधेमधे कुणीतरी हुंकार देतं. आज कुणी देईना. एक डोळा उघडून बघितलं. सगळ्यांचे डोळे उघडे. सगळे माझ्याकडे बघत होते.

आमेन मी एकटीनेच म्हटलं. त्या हॉलमध्ये आवाज फार घुमतो.

मग उद्धवराव उभे राहिले. म्हणाले, त्या दिवशी मीही आमेन म्हणालो, पण मनात नव्हतं. म्हणालो ते भीतीने. देवाच्या नाही, कस्तुराबाईंच्या. असं बोलताना त्यांना घाम फुटला होता. गोड माणूस. इतकं स्पष्ट बोलेल वाटलं नव्हतं.

हात वर केले. सगळे एका बाजूला. विरुद्ध एक, माझा. तोही लवकर खाली आला. खांदा दुखतो हल्ली.

२६ फेब्रुवारी, बुधवार

ठराव झाला, पण खोली कुठेय? सोपानरावाने ती कुरिअरवाल्याला कबूल केली. स्वरूपा म्हणाली, ताई, ज्याने गाठ मारली त्याने सोडवावी. तुम्हीच बोला त्यांच्याशी.

काल गेले नाही, तळेगाव चौकात ट्रॅफिक होतं असं कळलं. आज डोकं. उद्या नक्की.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

गेले. सोपानराव ओट्यावर पेपर वाचत होता. बसा म्हणाला नाही. मी बसले.

म्हणाला, बाई, एका शालीवरनं एवढं? म्हटलं, कसली शाल? म्हणाला, आमाला काय डोळं न्हाईत व्हय? तुमी अर्ध्या उठला व्हता.

साडीचं कुणाला खरं वाटलंच नव्हतं म्हणजे.

मग म्हणाला, आन ती शाल माजी न्हवतीच. पोरींनी आणली. त्या प्राजक्तानं राजगुरुनगरला जाऊन पसंत केली. तिची पोर तापानं फणफणली तवा भिमाबाई दिवसभर तिला मांडीवर घिऊन बसली व्हती, म्हणून. मी आपली हातात दिली, एवढंच.

मी पाणी मागितलं. त्याने आत हाक मारून चहाच मागवला.  म्हणजे सूड मी सोपानरावावर उगवत होते, नाही, सूड कसला, निर्णय. पण लागला कुणाला?

खोलीचं विचारलं. म्हणाला, कुरिअरवाल्याचा माल अजून पडला न्हाई, थोपवतो त्याला. पर तुमच्या संस्थेच्या शब्दावर न्हाई. ती प्राजक्ता पोरगी परत आणते म्हणाली, तर. तिच्यामागं बाकीच्या येतील. तीच गेली, तर मी खोली कुणासाठी अडवून ठिवू? येत्या नऊ तारखेपतुर बघतो.

सोपं काम. बायकांना समजावणं हा माझा हातखंडा.

२ मार्च, रविवार

प्राजक्ताकडे गेले. कोपऱ्यात बांधलेली बॅग. पुढच्या रविवारच्या एसटीने औशाला चालली, कायमची. तिथे काय करणार विचारलं, तर म्हणाली, इथं काय करू?

वाटेत बोलायचं पाठ केलं होतं. त्यातलं एकच वाक्य आठवलं, संस्थेच्या धोरणात बदल झाला आहे. ती म्हणाली, ताई, पायरीवर बसलेली पोर मला रोज दिसती. तुम्हाला दिसती का? मी म्हटलं, मला शुगर आहे, मला टेन्शन चालत नाही.

हे मी का बोलले?

मग ती शांतपणे म्हणाली, भिमामावशीकडं मी डोळे झाकून ठेवीन. पण तुम्ही त्या खुर्चीवर असताना न्हाई. उद्या तुम्ही परत काही प्रार्थना केली म्हणजे?

मैत्री बिस्किट खात होती. मला एक दिलं. मी ते तिथे खाल्लं नाही, रिक्षात खाल्लं.

दिसते. मलाही दिसते. तिथे बोलता आलं नाही.

५ मार्च, राखेचा बुधवार

उपासना झाली. कपाळावर पश्चात्तापाची राख तशीच होती, तेव्हाच कमिटीपुढे उभी राहिले आणि म्हटलं, अध्यक्षपद सोडते, स्वरूपाला द्या. वाटलं, कुणीतरी म्हणेल, अहो ताई, असं कसं, थांबा. मी थांबून बघितलं. बराच वेळ.

उपासनेला आलेली भिमाबाई मागून म्हणाली, बसा आता, दमला असाल.

हा केवढा त्याग आहे हे पुढे लोकांना कळेल. नाही. खोडते. दुसरा काही उपाय उरला नव्हता म्हणून सोडलं.

६ मार्च, गुरुवार

सकाळपासून प्राजक्ताला व्हॉट्सॲप लिहितेय. पहिल्यांदा लिहिलं त्यात चूक हा शब्दच आला नाही. दुसऱ्यांदा आला, पण झाल्या प्रकारात चूक झाली असा. कुणाची, ते नाही. मग तो मेसेज पाळकसाहेबांना वाचून दाखवला. त्यांनी नुसतं हं केलं. खोडला. शेवटी गेला तो असा:

प्राजक्ता, माझं चुकलं. शाल भिमाबाईला मिळाली ते मला सोसलं नाही म्हणून मी पाळणाघर हलवलं. गाडी लावते म्हणाले आणि लावली नाही. मैत्रीला काही झालं असतं तर ते माझ्यामुळे झालं असतं. मी आता अध्यक्ष नाही, स्वरूपा आहे, तिला विचारून खात्री कर. भिमाबाई सोमवारपासून कुरुळीला यायला तयार आहे. खोली सोपानरावांनी रविवारपर्यंतच थोपवली आहे. तुझ्या कामाचं स्वरूपा दुसऱ्या ठेकेदाराशी बोलते आहे. मी बोलणार नाही, मी बोलले की बिघडतं. मी पाळणाघराची पायरी चढू नये असं तुला वाटत असेल तर तसं लिही, नाही चढणार. पण तू गावी जाऊ नकोस. जायचंच ठरवलं असेल तर तसं सांग, म्हणजे बाकीच्या आयांना मी तोंडाने सांगेन की का. शनिवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही कळव. नुसत्या निळ्या खुणा नकोत. शनिवार म्हणजे शनिवार.