बांधावरची पोपटी

॥ श्री ॥

मु. खारकोंड, ता. उरण
१४ जानेवारी २०२५

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तिळगूळ पोचला. राहीताईला सांग, गोड बोला म्हणाली होतीस, दात पाडा म्हणाली नव्हतीस. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि ओरडून सांगावं तर अख्खी आळी ऐकते, म्हणून लिहायला बसले.

प्रज्योतच्या कंटेनर यार्डचा भराव दिवाळीपासून आपल्या उघाडीपर्यंत आलाय. बांधातलं ते दार पुरतं बुजलं तर पावसाळ्यात शेतातलं पाणी खाडीत जाणार कुठून? भात तर जाईलच, खालच्या आळीत पाणी चुलीपर्यंत येईल. मी दोनदा त्याच्याकडे गेले. तो म्हणाला की यार्डची परवानगी साहेब मिळवून देणार आहेत, पहिलं कंत्राटही त्यांनीच दिलं, त्यांचं मीठ खाल्लंय. मी म्हटलं की मिठागरवाल्याच्या पोराने दुसऱ्याच्या मिठाचं कौतुक मला सांगू नये. तो उठून आत गेला. तेव्हापासून बोलणं बंद आहे. भाऊबीजही कोरडी गेली.

आता पुढचं ऐक. एक फेब्रुवारीला त्याच्या लॉनवर साहेबांच्या पक्षनिधीसाठी जेवण आहे. देणगी देईल त्याला ताट. तुला गाडी पाठवून आणायचं आणि स्टेजवर बसवायचं, असंही कानावर आलं. आम्ही खालच्या आळीतल्या बायकांनी ठरवलंय की त्याच संध्याकाळी समोरच्या बांधावर पोपटी लावायची, शेंगा-अंडी मडक्यात भाजून तिथेच खायची. मोर्चा नाही, घोषणा नाहीत. शेजारची चंद्राबाई म्हणाली की आपुन काय ओरडनार न्हाय, आपुन खानार, ज्याला बघायचं त्यानं बघावं. फलक एकच, ‘उघाडी उघडी ठेवा’.

आई, मला पोलिसांची भीती नाही. उघाडी वाचली आणि भाऊ गेला, तर मी माहेर कशाला म्हणू? तू सांगशील तसं वागेन. फक्त पोपटी करू नको असं सांगू नकोस.

राहीताईवरची माया थोडी कमी करून इकडे पाठवावी.

तुझी,
सुचिता


दिवेआगर
२० जानेवारी

चि. सुचितास,
अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं, एकदा रागाने आणि एकदा चष्मा लावून.

गाडीचा निरोप आला होता. येत नाही म्हणून कळवलं. स्टेजवर बसले तर तुझ्याकडे पाठ होते, बांधावर बसले तर त्याच्याकडे. गुडघे दुखतात असं सांगितलं, आणि ते खोटं नाही.

प्रज्योतला वाईट म्हणू नको. वादळात इथे राहीच्या वाडीतली सुपारी आडवी झाली, घरावर छप्पर राहिलं नाही, तेव्हा पहिला ट्रक त्याचा आला. ताडपत्र्या, तांदूळ, काड्यापेट्यासुद्धा. त्या रात्री मी त्याला ओल्या अंगाने भिंतीला टेकून झोपलेलं पाहिलंय. पण बांध कुणा एकाचा नसतो, हे तुझ्या बाबांनी त्यालाही शिकवलं होतं. उधाणात बांध फुटला की अख्खा गाव मातीच्या पाट्या घेऊन धावायचा, कुणाचं शेत वाहतंय ते कोणी विचारत नसे. तेव्हा पोपटी कर.

करायची तर घरच्यासारखी कर. भावाच्या नावाने एक शब्द नको. भांबुर्ड्याचा पाला त्याच दिवशी काढ, शिळा झाला की वास जातो. वालाच्या शेंगा भरलेल्या घे, बटाटे लहान, कांदे, अंडी. कोंबडीला आलं-लसूण-मिरचीचं वाटण चोळून ती केळीच्या पानात बांध. ओवा हात राखून घाल. मडकं उपडं घालून जाळ पेटवला की कोणी काठीने ढोसू नये. बुडावर पाणी शिंपडून चर्र वाजलं की झालं. आणि जाळाजवळून जाईल त्याला वाटा द्यायचा. साहेब आले तर साहेबांनाही. तेवढं चुकलीस तर ती पोपटी नव्हे.

तुझ्या रागावर माझा जीव आहेच, पण तो जपून वापर.

तुझी आई,
सोनूबाई


खारकोंड
२७ जानेवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पदराला बांधून फिरते आहे. परवानगीची मजा सांगते. नवे इन्स्पेक्टर विदर्भाकडचे. अर्जात ‘बांधावर शांततेने पोपटी करणे’ एवढंच लिहिलं होतं. त्यांनी भुवया चढवून विचारलं की नेमका कोणाचा पोपट करणार आहात. चंद्राबाई समजावायला बसली, ती भांबुर्ड्याच्या रोपापासून. शेवटी कंटाळून ते म्हणाले की खायला परवानगी आहे, बोलायला नाही, आणि फलकही नको.

फलक नाही तर आपण का बसलोय ते कळणार कोणाला, अशी आळीत कुरकुर झाली. मी म्हटलं, संध्याकाळचा वारा खाडीकडून लॉनकडे जातो, तो सांगेल.

काल प्रज्योतची गाडी माझ्या दारापुढे मंद झाली. मी पायरीवर शेंगा निवडत होते. काच अर्धी खाली आली, पुन्हा वर गेली. मीही मान वर केली नाही. घरातली दोन्ही गाढवं सारखीच, असं तू म्हणशील.

गुडघ्यांना तेल लावत जा, आणि आमची आठवण तेवढीच चोळून ताजी ठेव.

सुचिता


खारकोंड
२ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पोपटी झाली. भांडण झालं नाही, पण अब्रू गेली. कशी ते वाच.

पलीकडे लॉनवर दिवे आणि भाषण, अलीकडे बांधावर आम्ही, पोरंबाळं आणि म्हातारे. मडक्यांवर चर्र वाजलं, पाला काढला, आणि वाऱ्याने आपलं काम चोख केलं. आधी गाड्यांचे ड्रायव्हर आले. मग पांढऱ्या कपड्यातले कार्यकर्ते एकेक करून आले, फोन आल्यासारखं करून. तू सांगितल्याप्रमाणे कोणाला नाही म्हटलं नाही. इन्स्पेक्टरांनी नुसतं बघतो म्हणत दोन अंडी खाल्ली.

पाहुण्यांना वाढून झाल्यावर चंद्राबाईने आपली पहिली शेंग तोंडात घातली आणि माझ्याकडे बघतच राहिली. आई, मीठच नव्हतं! एकाही मडक्यात नाही. मिठागरवाल्यांची पोपटी, आणि अळणी! मसाला माझ्याकडे होता, म्हणून सगळे मलाच बघू लागले. मी पदरातलं तुझं पत्र काढून वाचलं. त्यातही मीठ नाही.

आणि तिथेच मला कळलं आपण दोघी का विसरलो. आपल्या घरी तू अंगणातून हाक मारायचीस की शेंगा सुचिताच्या, मीठ प्रज्योतचं. तो दुपारपासून डबा मांडीवर घेऊन बसायचा, कोणाला हात लावू द्यायचा नाही. मीठ कधी आपल्या डोक्यात शिरलंच नाही, कारण ते त्याच्याकडे होतं. मला तिथे सगळ्यांदेखत रडू आलं. चंद्राबाईला वाटलं, पोपटी फसली म्हणून.

पांढऱ्या कपड्यातल्या कोणीतरी ही गंमत पलीकडे पोचवली असावी. थोड्या वेळाने प्रज्योत बांध चढून आला, रेशमी कुर्त्यात, हातात तोच चेपलेला डबा. उकिडवा बसला आणि शेंगांच्या ढिगावर जाडं मीठ वरून सोडत गेला, बाबा सोडायचे तसं. सगळं झाल्यावर उभा राहून उघाडीकडे बघत राहिला. दाराच्या फळ्या मातीत गळ्यापर्यंत गेल्यात. कधीपासून, एवढंच त्याने विचारलं. मी म्हटलं, दिवाळीपासून. त्याने आपला वाटा पानात घेतला आणि परत गेला. लॉनवरची त्याची पुढची खुर्ची तोवर रिकामी होती. पण तो तिच्यावर बसला नाही, मागे उभा राहून शेंगा खात होता.

भरावाबद्दल अवाक्षर नाही. आम्ही जिंकलो की हरलो मला सांगता येत नाही. भाऊ मात्र दिसला, बऱ्याच दिवसांनी.

माया आहे तशी असावी, थोडी खारट झाली तरी चालेल.

सुचिता


न्हावा शेवा
११ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

शाळा सुटल्यावरचं हे पहिलं पत्र. ऑफिसात बसून लिहितोय. राहीताईने अक्षराला हसू नये. त्या दिवशीचं सुचिताताईने लिहिलंच असेल, ती काही हातचं ठेवत नाही.

साहेबांनी दुसऱ्या दिवशी विचारलं की समोरच्यांना मीठ नेऊन देणारा माणूस आपला कसा म्हणायचा. परवानगीचं नंतर बघू म्हणाले, म्हणजे ती गेली. यार्ड आता ठरलं होतं तेवढं होणार नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू. पण नकाशावर उघाडी दिसतच नाही गं. मी इतके दिवस नकाशाच बघत होतो.

काल माझाच जेसीबी लावून दारापुढची माती काढली. ओहोटी लागली तसं आत साचलेलं काळं पाणी धावत खाडीत गेलं. ताई बांधावर उभी होती. माझ्याशी बोलली नाही. जेसीबीवाल्याला मात्र सांगत होती की अजून हातभर खोल घ्या. बाकीच्या भरावावरून ती भांडणार, हे मला तिच्या उभं राहण्यावरूनच कळलं. भांडू दे.

तू तिला माझ्या वतीने एक लिही, मला तिच्यासमोर बोलता येत नाही. पुढच्या थंडीत पोपटी माझ्या दारात लावा, नाहीतर माझ्याविरुद्ध लावा. फक्त मीठ दुसऱ्या कोणाला सांगू नये. ते काम माझ्याकडेच असू द्यावं, ही विनंती.

तुझा,
प्रज्योत