ब्रेकरवरची जागा

सालाइलुआ, समोआ
४ मे १९९१

तीर्थस्वरूप आउकुसोदादास,
पेसामिनोचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

साइटवर जागा नाही असं तू कळवलंस. पण तुझ्याबरोबर काम करणारा आपला चुलतभाऊ उएलेसे सुट्टीवर आलाय. तो म्हणाला, पुढल्या महिन्यात काँक्रीट फोडायच्या ब्रेकरवर माणूस हवाय, मुकादम घरातलाच कुणी आण म्हणतो. मग सख्ख्या भावाला का टाळतोस? कौतुक वाटून घ्यावं लागेल म्हणून?

खरं सांगतो, जळफळाट होतो माझा. डुकरांना खायला घालतो मी, आबांचे पाय चेपतो मी, आणि आई पाहुण्यांना दाखवते तुझा हेल्मेटातला फोटो. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, तशी माझी गत. अर्ज सोबत जोडलाय. तुझी सही तेवढी हवी.

रागावलो तरी तुझाच आहे, लोभ आटू देऊ नकोस.
पेसामिनो

लोगन, ब्रिस्बेन
१९ मे १९९१

चि. पेसामिनो यास अनेक आशीर्वाद.

रिकामी होणारी जागा माझीच आहे. सहा वर्षं ब्रेकर धरला, त्या हादऱ्यांनी बोटांतल्या नसा मेल्या. बटणांचे शर्ट घालणं सोडलंय. हे पत्र दोन दिवस लिहितोय.

दोन वर्षांपूर्वीच कळलं असतं. कंपनीच्या तपासणीत डॉक्टर डोळे मिटायला सांगून बोटांना टाचणी टोचतात. मी किलकिल्या डोळ्यांनी बघून, टोचलं, टोचलं, म्हणत राहिलो. काम सुटलं तर घरी कुठल्या तोंडानं येऊ, ही भीती. भोगतोय आता.

तू जळतोस, तसा मीही जळतो. मागच्या फोटोत तू आबांशेजारी बसून काथ्याची दोरी वळतोयस. तुझी बोटं बघून तो फोटो फाडावासा वाटला मला. अर्जावर सही केलीय. पुढचं तू ठरव. आईला मात्र कळू देऊ नकोस.

माया कमी करू नकोस.
तुझा दादा

सालाइलुआ
८ जून १९९१

ती. दादास,
शि. सा. नमस्कार.

पत्र आईनंच फोडलं. दोन दिवस रडली, जेवली नाही. खोटं कशाला बोलू, तेव्हाही मी जळलो. माझा पाय मोडला होता तेव्हा ती मलाच ओरडली होती.

अर्ज फाडवेना, आठ दिवस उशाखाली ठेवला. रविवारी दगडाच्या भट्टीत नीरफणस भाजायचे होते, जाळ धरेना, तेव्हा तोच खाली सारला.

तू ये. भट्टीतल्या तापल्या दगडांना तेवढा हात लावायचा नाहीस, चटका कळायचा नाही तुला. ते मी काढीन. तू बाजूला बसून हुकूम सोड, ते तुला पहिल्यापासून जमतं.

आईची माया तुझ्याकडे आहेच. तुझी माझ्यावर राहू दे.
पेसामिनो